लुटीच्या आधीची चाळीस वर्षं

लुटीची बातमी नेहमी लुटीच्या दिवसापासून सुरू होते. दुकानं फुटली, माल पळवला, पोलीस आले, अमुक इतके पकडले, आता सगळं शांत आहे. पुढचे चार दिवस कुणी जमावाला शिव्या घालतं, कुणी त्याची कड घेतं, आणि मग विषय मिटतो. या पुस्तकातले लेख त्या दिवसाच्या मागे जातात. दुकान फुटण्याआधी त्या गावात, त्या पेठेत, त्या वस्तीत वीस-तीस-चाळीस वर्षं काय चाललं होतं, हे ते विचारतात. हा प्रश्न कसा विचारायचा ते दाखवण्यासाठी मी इथे एकच प्रसंग सविस्तर घेतो. तो पुणे आणि नगर जिल्ह्यांतला आहे, त्याची कागदपत्रं भरपूर आहेत, आणि शाळेच्या पुस्तकात चार ओळींत उरकला गेल्यामुळे तो आपल्याला ठाऊक आहे असा आपला समज असतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट वेगळी काढतो. लूट म्हटलं की मराठी माणसाला आधी सुरत आठवते, १६६४ ची आणि १६७० ची. बंगाली माणसाला १७४० च्या दशकातल्या बर्गींच्या, म्हणजे मराठा घोडेस्वारांच्या, स्वाऱ्या आठवतात, आणि त्या आठवणीत आपल्याविषयी फारसं चांगलं काही नाही, हे आपण मोकळेपणाने मान्य करावं. पण ती लूट सैन्याची होती. तिच्यामागे राज्य होतं, मोहीम होती, खजिन्याची गरज होती. इथे विषय आहे तो ज्यांच्या मागे राज्य नाही अशा माणसांनी आपल्याच गावच्या, आपल्याच ओळखीच्या दुकानावर घातलेल्या हाताचा.

१२ मे १८७५ रोजी सुप्याला असा हात पडला. शहाजीराजांच्या पुणे-सुपे जहागिरीतलं हे सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं, आज ते बारामती तालुक्यात आहे. बाजारपेठेचं गाव. आसपासच्या खेड्यांतले कुणबी तिथे जमले, गुजर-मारवाडी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले आणि त्यांनी बहीखाती आणि कर्जरोखे मागितले. हाती आले ते जाळले. धान्याची दुकानं लुटली, काही घरं पेटवली. तिथून हे लोण पुण्याच्या इतर भागांत आणि नगर जिल्ह्यात गेलं. तीसहून अधिक गावं त्यात ओढली गेली. पोलीस अपुरे पडले, लष्कर आलं. ९५१ जणांना अटक झाली, ५०१ जणांना शिक्षा झाली. सरकारने चौकशी आयोग नेमला, आणि १८७८ मध्ये त्याचा अहवाल ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला.

त्या अहवालात पुन्हा पुन्हा येणारी एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. बहुतेक गावांत जमावाला आधी हवा होता कागद. सावकाराने रोखे निमूट काढून दिले तिथे त्याच्या अंगाला सहसा कुणी हात लावला नाही. दिले नाहीत तिथे घर पेटलं. माणसं जखमी करण्याचे प्रसंग एकूण व्याप्तीच्या मानाने फार थोडे. धान्य लुटलं गेलं, कापड लुटलं गेलं, हे खरं आहे आणि ते झाकायचं कारण नाही. पण उपाशी माणूस आधी धान्याकडे धावेल, दरोडेखोर आधी दागिन्यांकडे. इथे आधी कागदाकडे धाव होती. ज्या समाजात बहुसंख्यांना तो कागद वाचता येत नव्हता, त्या समाजात कागदाचा एवढा राग का साठला, याचं उत्तर शोधायला चाळीस वर्षं मागे जावं लागतं.

पेशवाई संपल्यावर कंपनीने दख्खनमध्ये रयतवारी आणली. १८२० च्या दशकाअखेर प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्यात मोजणी करून सारा ठरवला. इंग्लंडात रिकार्डोने मांडलेला खंडाचा सिद्धान्त त्याच्या डोक्यात होता, म्हणजे शेतीचा खर्च वजा जाता उरेल त्यातला हिस्सा सरकारचा. कागदावर हे सुंदर दिसत होतं. मोजणी सदोष निघाली, आकार भारी पडला, आणि इंदापूर भागात लोक जमिनी टाकून गेले. मग गोल्डस्मिड आणि विंगेट आले, आणि १८३६ मध्ये इंदापुरात तीस वर्षांचा नवा, तुलनेने हलका आकार लागू झाला. जमिनी पुन्हा लागवडीखाली आल्या. या सुधारणेचं श्रेय त्या अधिकाऱ्यांना द्यायला हवं. पण दोन गोष्टी या व्यवस्थेत मुळातच बसलेल्या होत्या. सारा रोख रकमेत आणि ठरल्या हप्त्याला भरायचा, पाऊस पडो न पडो. आणि जमीन आता खातेदाराच्या नावावर असल्यामुळे ती विकता येत होती, गहाण टाकता येत होती, जप्त करता येत होती.

कोरडवाहू मुलखात, जिथे पाच वर्षांतली दोन-तीन वर्षं बेभरवशाची, तिथे ठरल्या दिवशी रोख पैसे आणायचे कुठून? वाण्याकडून. अनेक गावांत सावकारच कुळाच्या वतीने सरकारात सारा भरत असे आणि सुगीनंतर पीक उचलत असे. मामलेदाराचं काम त्यामुळे सोपं होत होतं. सरकारला सारा वेळेवर मिळण्यात सावकाराचा मोठा वाटा होता आणि सरकारला ते पक्कं माहीत होतं. सुप्याला ज्यांच्या घरांना आग लागली त्यांच्या तिजोरीतून सरकारचा हप्ता जात होता, ही गोष्ट पुढचं सगळं वाचताना विसरू नये.

सावकारी काही इंग्रजांनी आणली नाही. पेशवाईतही कुणबी कर्जात होता. पण तेव्हाच्या सावकाराला वसुलीसाठी गावावर अवलंबून राहावं लागे. पंचायत होती, पाटील होता, आणि दामदुपटीची रीत होती, म्हणजे व्याज मुदलाहून जास्त मागायचं नाही. ही रीत सगळीकडे काटेकोर पाळली जात होती असं मी म्हणणार नाही, पण काय योग्य आणि काय अयोग्य याची एक रेघ तिने आखून ठेवली होती. नव्या कोर्टांनी ती रेघ पुसली. मुन्सफापुढे प्रश्न एवढाच असे की रोख्यावर निशाणी आहे की नाही. रक्कम खरंच दिली का, किती दिली, व्याज कसं चढलं, यात कोर्ट शिरत नसे. समन्स निघे, कुणबी हजर होत नसे, कधी भीतीने, कधी तालुक्याला जायला सवड नाही म्हणून, कधी समन्स त्याच्यापर्यंत पोचलंच नाही म्हणून. एकतर्फी निकाल लागे. हुकूमनामा घेऊन बेलिफ दारात येई.

१८५९ मध्ये मुदतीचा कायदा आला. हेतू चांगला होता: रोख्याची मुदत तीन वर्षं ठेवली की व्याज वर्षानुवर्षं साचणार नाही. झालं उलटं. तीन वर्षं भरत आली की सावकार मुद्दल आणि थकलेलं व्याज एकत्र करून नवा रोखा लिहून घेई, ती सगळी रक्कम नवं मुद्दल होई, आणि त्यावर नवं व्याज सुरू होई. कुणब्याला पावती मिळत नसे, परतफेडीची नोंद कुठे होई ते दिसत नसे, आणि अंगठा मात्र त्याचाच. आयोगाने तपासलेल्या एका प्रकरणात शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज आकारलेलं आढळलं. लेखणी, स्टॅम्प, कोर्ट आणि बेलिफ ही सगळी साखळी एका बाजूची झाली होती. ज्या कायद्याने कुणब्याला वाचवायचं, त्याच कायद्याने त्याच्या गळ्यातला फास दर तीन वर्षांनी नव्याने आवळला. पुढे मे १८७५ मध्ये जे कागद जळले त्यांत हे बदलून घेतलेले रोखे होते.

मग अमेरिकेतली यादवी आली. १८६१ ते १८६५. मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकेतल्या दक्षिणेकडच्या राज्यांचा कापूस मिळेना, आणि सगळ्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. मुंबईत पैशाचा पूर आला, शेअरचा सट्टा उसळला, समुद्र हटवून जमीन करायच्या कंपन्या निघाल्या. पुणे-नगरच्या सगळ्या तालुक्यांत कापूस पिकत होता असं नाही, पण त्या पैशाची ऊब तिथवर पोचली. धान्याचे भाव चढले, रेल्वेच्या आणि सरकारी बांधकामांवर मजुरी चांगली मिळू लागली, आणि सावकारांनी हात सैल सोडला. मागेल त्याला कर्ज मिळत होतं. १८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं, मुंबईतल्या कंपन्या कोसळल्या, भाव घसरू लागले. आणि नेमक्या त्याच सुमारास इंदापूरच्या तीस वर्षांच्या आकाराची मुदत संपली. १८६७ पासून फेरआकारणी सुरू झाली ती भरभराटीच्या काळातले भाव डोळ्यांपुढे ठेवून. सारा कितीतरी ठिकाणी दीडपट, काही ठिकाणी दुपटीपर्यंत वाढला. पिकाला भाव नाही, सारा वाढलेला, जुनं कर्ज डोक्यावर, आणि १८७४ च्या सुमारास सावकारांनी नवं कर्ज देणंही आखडलं. चारी वाटा एकाच वेळी बंद झाल्या.

इतिहासकारांत याविषयी एकमत नाही, आणि वाचकाने ते समजून घ्यावं. रविंदर कुमार यांनी १९६८ च्या आपल्या ग्रंथात या सगळ्यामागे गावच्या समाजरचनेतला बदल पाहिला: वाणी आणि कुणबी यांच्यातला जुना तोल नव्या राजवटीने मोडला. नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ मध्ये उलट मत मांडलं, की हे दंगे फार मोठे नव्हते, थोड्या टापूत झाले, आणि त्यांना आयोगाने आणि पुढच्या अभ्यासकांनी वाजवीपेक्षा मोठं केलं. आकड्यांच्या दृष्टीने चार्ल्सवर्थ यांचा आक्षेप दुर्लक्ष करण्याजोगा नाही. तीस-पस्तीस गावं म्हणजे सगळं दख्खन नव्हे. पण लुटीचं महत्त्व गावं मोजून ठरत नाही असं माझं मत आहे. त्या गावांत काय जाळलं गेलं आणि काय सोडून दिलं गेलं, यावरून न पेटलेल्या शेकडो गावांतली घुसमटही कळते.

लुटीच्या आधी आणखी काही घडलं होतं, आणि ते सहसा सांगितलं जात नाही. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातल्या करडे गावी काळूराम नावाच्या सावकाराने तिथल्या बाबासाहेब देशमुखांवर कर्जाचा हुकूमनामा मिळवला. देशमुख म्हणजे गावचं जुनं मानाचं घराणं. गाव पेटून उठलं, पण त्याने आधी काठी उचलली नाही. त्याने बहिष्कार घातला. सावकाराच्या दुकानातून कुणी काही घ्यायचं नाही, त्याच्या शेतात कुणी राबायचं नाही, न्हाव्याने त्याची हजामत करायची नाही, त्याला पाणी भरायचं नाही. शेजारच्या गावांनी हा कित्ता गिरवला, काही ठिकाणी गावकऱ्यांनी आपसात लेखी करार केले. सावकारांना तालुक्याच्या गावी, पोलिसांच्या आसऱ्याला जावं लागलं. पाच महिने हे चाललं होतं. म्हणजे लूट हे या माणसांचं पहिलं हत्यार नव्हतं. अर्ज करून झाले होते, बहिष्कार घालून झाला होता. आज कुठे लूट झाली की मी आधी हे शोधतो: त्याआधी तिथल्या लोकांनी कोणते अर्ज दिले होते, कोणते मोर्चे काढले होते, आणि त्यांचं काय झालं. बहुतेक वेळा अशी रांग सापडते.

आणि एक वावडी होती. विलायतेच्या राणीसरकारकडे सावकारांच्या जुलमाची हकिकत पोचली आहे, आणि मारवाड्यांनी रोखे परत करावेत असा हुकूम तिकडून सुटला आहे, अशी बोलवा खेड्यापाड्यांत पसरली होती. इथला साहेब तो हुकूम दाबून बसला असेल, पण हुकूम आहे. वाचणाऱ्याला हे भोळेपण वाटेल. मला त्यात फार खोल अर्थ दिसतो. रोखे मागणारा माणूस स्वतःला कायदा मोडणारा समजत नव्हता. कुठेतरी वर, सगळ्यांच्या वर, न्याय आहे आणि आपण तो अमलात आणतो आहोत, असं त्याला वाटत होतं.

ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. बरोबर शंभर वर्षं आधी, १७७५ च्या वसंतात, पॅरिसच्या आसपास पिठासाठी दंगे झाले. तुर्गो या मंत्र्याने आदल्या वर्षी धान्याचा व्यापार खुला केला होता, पीक वाईट आलं, भाव भडकले. जमावाने गाड्या आणि कोठारं अडवली, आणि कित्येक ठिकाणी धान्य फुकट न नेता आपण ठरवलेल्या 'रास्त' भावाने त्याचे पैसे मोजले. राजाने भाव बांधून दिला आहे, अशी बोलवा तिथेही होती. इंग्लंडच्या अठराव्या शतकातल्या पावाच्या दंग्यांतही हाच प्रकार वारंवार दिसतो. ई. पी. थॉम्प्सन यांनी १९७१ च्या आपल्या गाजलेल्या निबंधात त्याला जमावाचं नैतिक अर्थशास्त्र म्हटलं. पोट रिकामं होतं म्हणून लोक उठले, एवढं सांगून इतिहासकाराचं काम संपत नाही, असा त्यांचा आग्रह होता. भाव काय असावा, नफा किती असावा, टंचाईत धान्य गावाबाहेर जावं की नाही, याविषयी त्या माणसांच्या पक्क्या कल्पना होत्या, आणि त्या कल्पनांना जुन्या कायद्यांचा आधारही होता. नव्या बाजाराने त्या मोडल्या तेव्हा हात उठले. आपल्या दामदुपटीची जागा या चित्रात कुठे आहे, हे वाचकाच्या लक्षात आलं असेल.

उपासमारीनेच लूट होते हा समज खोडणारा पुरावा बंगालने दिला, आणि तो फार भयंकर आहे. १९४३ च्या दुष्काळात, अमर्त्य सेन यांच्या अंदाजाने, सुमारे तीस लाख माणसं मेली. खेड्यांतून निघालेली माणसं कलकत्त्याच्या रस्त्यांवर, भरलेल्या दुकानांपुढे पडून मेली. दुकानं फारशी फुटली नाहीत. सेन यांनी दाखवलं की बंगालमध्ये धान्य मुळात नव्हतं असं नाही, ते विकत घेण्याची ताकद या माणसांच्या हातून गेली होती, आणि दुकानदाराचा मालावरचा हक्क राखायला सरकार उभं होतं. जो अगदी शेवटच्या पायरीला पोचला आहे त्याच्या अंगात लुटायचं बळ उरत नाही आणि आपला काही हक्क होता ही जाणीवही उरत नाही. म्हणून लूट झाली नाही याचा अर्थ तिथे सगळं ठीक आहे असा घेऊ नये.

आता या प्रसंगाची दुसरी बाजू, जी मला सांगताना जड जाते. सुप्याच्या जमावाने योग्य शत्रू निवडला होता का? रोखे ज्याच्या घरात होते तो समोर होता, म्हणून त्याचं घर पेटलं. सारा वाढवणारा सेटलमेंट अधिकारी, एकतर्फी निकाल देणारा मुन्सफ, तीन वर्षांचा कायदा करणारी कौन्सिल, मँचेस्टरचा कापूस दलाल, यांच्यातलं कुणीही कुणब्याच्या हाताच्या अंतरावर नव्हतं. आणि समोरच्यांतही निवड झाली. आयोगाच्या नोंदींवरून दिसतं की राग मुख्यतः मारवाडी आणि गुजर सावकारांवर निघाला, स्थानिक ब्राह्मण आणि इतर सावकार बऱ्याच ठिकाणी सुटले. ते कमी व्याज घेत होते म्हणून सुटले असं म्हणायला फारसा आधार नाही. ते गावचे होते, एवढंच. परमुलखातून आलेला, वेगळी भाषा बोलणारा, गावच्या जत्रेत न मिसळणारा माणूस आधी सापडतो. मारवाडी कुटुंबांतल्या बायकापोरांनी त्या रात्री काय भोगलं याची हकिकत अहवालात जवळजवळ नाही, आणि ती नाही म्हणून आपण ती विसरायची नाही. विषमतेविरुद्धचा राग परक्याविरुद्धच्या रागात किती सहज मिसळतो, हे या पुस्तकातल्या इतर लेखांतही दिसेल. लुटीचं मूळ अन्यायात असतं असं मी मानतो. तेवढ्याने प्रत्येक लुटीचं लक्ष्य न्याय्य ठरत नाही.

जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ मध्ये पूर्ण केला. त्यात सावकार आहेच, पण त्याच्या मागे उभी असलेली सगळी फळी आहे: सारा वाढवणारं सरकार, ऐषआरामात राहणारे गोरे अंमलदार, कचेरीतले भट कामगार, कोर्टातले वकील आणि कारकून. जमावाला जे अंतर ओलांडता आलं नाही ते जोतीरावांच्या लेखणीने ओलांडलं. या विषयावरचं मराठीतलं पहिलं मोठं सामाजिक विश्लेषण मी त्यालाच म्हणतो.

सरकारने काय केलं? आधी शिक्षा, मग कायदा. १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या जिल्ह्यांत कोर्टाला आता रोख्याच्या मागे जाता येऊ लागलं: मूळ रक्कम किती, फेड किती, व्याज रास्त किती, हे तपासायचं. कर्जापायी कुणब्याला तुरुंगात टाकणं थांबलं. हप्ते बांधून देता येऊ लागले, रोखे नोंदवून घ्यायला गावपातळीवर निबंधक आले. पुढे न्यायमूर्ती रानडे यांनीही या कायद्याखालचं न्यायाधीशाचं काम पाहिलं. करडे आणि सुपे इथल्या माणसांची जी तक्रार होती, नेमकी तीच या कलमांत लिहिली गेली. ५०१ माणसं शिक्षा भोगून आली आणि त्यांचं म्हणणं खरं होतं असं कायद्यानेच चार वर्षांनी कबूल केलं. कायद्याला पळवाटाही लगेच सापडल्या. गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत लिहून घेण्याची चाल वाढली आणि जमिनी जायच्या थांबल्या नाहीत.

१८७५ चे दंगे आणि १८७९ चा कायदा यांच्या मध्ये १८७६ ते १८७८ चा दुष्काळ गेला, ज्यात दख्खनमध्ये माणसं आणि गुरं अक्षरशः गळून पडली. तो पाहून पुण्यातल्या लष्करी हिशेब खात्यातला एक कारकून बंडाला उभा राहिला. वासुदेव बळवंत फडके यांनी फेब्रुवारी १८७९ मध्ये शिरूर तालुक्यातल्या धामारीवर पहिला दरोडा घातला. बरोबर होते रामोशी. फडक्यांना राज्य उलथायचं होतं, पैसा त्यासाठी हवा होता. आपल्या साथीदारांचं लक्ष लुटीच्या वाटणीवरच आहे, याचं दुःख त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. फडक्यांविषयी मला अपार आदर आहे, पण इथे रामोशांची बाजू कुणी तरी मांडली पाहिजे. गडांची आणि गावांची राखण हे त्यांचं पिढीजात काम, त्याबद्दलचे त्यांचे हक्क, त्यांची वतनं. नव्या राजवटीत ती गेली, आणि उमाजी नाईकांचं बंड त्यातूनच उभं राहिलं होतं. ज्याचं सगळं आधीच काढून घेतलेलं आहे त्याने वाटणी मागितली तर त्याला लोभ म्हणताना थांबावं. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला, १९११ च्या सुधारणेनंतर त्याचं जाळं आणखी पसरलं, आणि जन्मानेच लुटारू ठरलेल्या जमातींची यादी सरकारी झाली. तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडलं. शिक्का आजही पुसलेला नाही, हे पारधी वस्तीवरच्या कोणत्याही माणसाला विचारावं.

पुढचा भाग भराभर सांगतो, कारण तो या पुस्तकात इतरत्र येणार आहे. १८९६ च्या दुष्काळात सोलापूर भागात धान्याची दुकानं लुटली जाऊ लागली, तेव्हा टिळकांनी 'केसरी'तून लोकांना सांगितलं की बाजार लुटू नका, कलेक्टरकडे जा आणि काम आणि अन्न मागा, ते देणं सरकारवर बंधनकारक आहे. दुष्काळ संहिता अस्तित्वात होती, तिच्यातली कलमं लोकांना माहीत नव्हती. लुटीला पर्याय हक्काचाच असू शकतो, उपदेशाचा नाही, हे टिळकांना कळलं होतं. १९७२ चा दुष्काळ महाराष्ट्रात आला तेव्हा हाच धडा मोठ्या प्रमाणावर गिरवला गेला. मोर्चे निघाले, गोळीबारही झाले, पण १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसं होती. खडी फोडणं हे काही सुखाचं काम नव्हे. तरी ते काम मागण्याचा हक्क होता. वि. स. पागे यांनी आग्रह धरलेल्या रोजगार हमी योजनेचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. दख्खन शेतकरी साहाय्य कायद्यानंतर शंभर वर्षांनी.

आणि आता? १९९० च्या दशकापासून विदर्भ-मराठवाड्यात कर्जापायी शेतकरी जीव देत आहेत. खासगी सावकारी गेलेली नाही, तिच्यासाठी २०१४ मध्ये पुन्हा एक नियमनाचा कायदा करावा लागला. १८७५ मध्ये कर्जदार समूहाने सावकाराच्या दारात गेला आणि त्याने रोखे जाळले. आज तो एकटा गोठ्यात जातो. या दोहोंत काय बदललं, गाव कुठे गेलं, बहिष्कार घालू शकणारी एकजूट कशाने तुटली, या प्रश्नाचं पुरेसं उत्तर मला अजून कुणाच्या लिखाणात मिळालेलं नाही. कर्ज आता बँकेचं, सोसायटीचं, बियाणं-खताच्या दुकानदाराचं, मायक्रोफायनान्सचं असं विखुरलेलं आहे आणि जाळायला कागद समोर नाही, हे त्यातलं एक कारण असावं असं मला वाटतं. दुसरं, गावातल्या गावात कर्ज देणारा आणि घेणारा आता अनेकदा एकाच जातीचा, एकाच भावकीचा असतो. लूट झाली नाही म्हणून राज्यकर्ते निश्चिंत आहेत. बंगालचं उदाहरण मी वर दिलं ते यासाठीच.

पुढच्या लेखांकडे जाताना वाचकाने प्रत्येक प्रसंगाला तीन गोष्टी विचाराव्यात असं मी सुचवेन: काय नेलं, काय सोडून दिलं, आणि त्याआधी कोणता अर्ज फेटाळला गेला होता. लेखकांची मतं एकमेकांशी जुळत नाहीत, आणि ती जुळवून घेण्याचा प्रयत्न संपादनात केलेला नाही. काही लेख मला पटले नाहीत. तरी ते इथे असायला हवेत.

शेवटी पुणे, नगर (आता अहिल्यानगर), सोलापूर, सातारा जिल्ह्यांतल्या वाचकांना एक विनंती. १८७५ चा इतिहास आपण अजून सरकारी अहवालातूनच वाचतो. साक्षी आहेत त्याही साहेबापुढे दिलेल्या, इंग्रजीत उतरवलेल्या. तुमच्या जुन्या घरात, माळ्यावरच्या पेटीत, मोडीत लिहिलेले रोखे, गहाणखतं, खरेदीखतं, बहीखात्यांची सुटी पानं असतील. कुणब्यांच्या घरांत असतील, तशी सावकारांच्या घरांतही असतील. ती रद्दीत घालू नका आणि लाजेने लपवूही नका. जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला किंवा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाला ती दाखवा, मोडी वाचणारा माणूस गाठा, निदान त्यांची छायाचित्रं काढून ठेवा. जे जळाले त्यांत काय लिहिलं होतं, हे जे उरले त्यांच्यावरूनच कळणार आहे.